वायूच्या नोंदी आणि मासळीचा कोरा रकाना

प्रति,
माननीय महासंचालक,
हायड्रोकार्बन महासंचालनालय, नोएडा



मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळात पाय रोवून उभ्या राहणाऱ्या ‘सागर सम्राट’ या खोदमंचाला १९७४ मध्ये बॉम्बे हाय क्षेत्रात तेल लागले, १९७६ मध्ये तेथून प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले आणि त्याच वर्षी किनाऱ्याच्या अधिक जवळ, वसईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रात नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला. वसई क्षेत्रातील वायू १९८८ पासून समुद्राखालच्या वाहिनीने हजिऱ्याला जातो, बॉम्बे हायचे तेल आणि वायू उरणला उतरतात, आणि या अर्धशतकात देशाच्या खतकारखान्यांपासून मुंबईतील स्वयंपाकघरांपर्यंत त्यांचा उपयोग झाला, याविषयी वाद असण्याचे कारण नाही. मात्र ज्या पाण्याखाली हे साठे आहेत ते पाणी त्यापूर्वीही रिकामे नव्हते. झाई-डहाणूपासून सातपाटी, अर्नाळा, वसई, उत्तन, वर्सोवा ते उरण-अलिबागपर्यंतच्या कोळी, मांगेला, वैती आणि ख्रिस्ती मच्छीमारांच्या पिढ्या याच पाण्यावर जगत आल्या आहेत. वायू काढल्याने या मासेमारीचे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर आज देशातील कोणतेही कार्यालय पुराव्यानिशी देऊ शकत नाही. आणि ते देता येत नाही याची जबाबदारी मोठ्या प्रमाणात महासंचालनालयावर येते, हे या पत्राचे म्हणणे आहे.

महासंचालनालयाची स्थापना एप्रिल १९९३ मध्ये झाली. तेल आणि वायू यांच्या साठ्यांचे व्यवस्थापन करताना पर्यावरण, सुरक्षितता, तंत्रज्ञान आणि अर्थकारण या चारही बाजूंचा तोल राखणे हे त्याच्या उद्दिष्टातच लिहिलेले आहे, आणि त्या चारांत पर्यावरणाचे नाव पहिले येते. स्थापनेनंतर लगेचच, मे १९९३ मध्ये, बॉम्बे हायहून उरणकडे येणारी वाहिनी फुटून हजारो टन खनिज तेल समुद्रात सांडले. नव्या संस्थेला आपल्या उद्दिष्टाचा पहिला शब्द किती जड आहे हे इतक्या लवकर कळण्याची संधी क्वचितच मिळते.

पुढे २०१७ मध्ये महासंचालनालयाने ‘नॅशनल डेटा रिपॉझिटरी’ म्हणजे राष्ट्रीय माहितीभांडार सुरू केले. देशात अनेक दशकांत झालेल्या भूकंपीय सर्वेक्षणांच्या नोंदी, विहिरींचे तपशील आणि भूगर्भाचे आलेख तेथे एकत्र केलेले असून गुंतवणूक करू इच्छिणाऱ्या कंपन्यांना ते पाहता येतात. हे काम मोलाचे आहे, आणि सरकारी खात्यांत जुनी कागदपत्रे ज्या रीतीने वाळवीच्या स्वाधीन होतात ते पाहता कौतुकाचेही आहे. पण कोणत्या दिवशी, कोणत्या रेषेवर, किती तीव्रतेचा आवाज समुद्रात सोडला गेला हे ज्या भांडाराला ठाऊक आहे, त्यात त्या दिवसांत त्या पाण्यातील मासळीचे काय झाले याचा रकाना नाही. दुसरीकडे, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था अनेक दशके किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचे जातवार अंदाज गोळा करते. तिच्या तक्त्यांत सर्वेक्षणाच्या तारखा नाहीत. दोन्ही संस्था केंद्र सरकारच्याच आहेत.

ही फारकत योगायोगाची नाही, तिची मुळे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहेत. तेलक्षेत्रे ही संघसूचीतील ५३ वी नोंद, प्रादेशिक समुद्रापलीकडील मासेमारी ही त्याच सूचीतील ५७ वी नोंद, तर किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्यसूचीच्या २१ व्या नोंदीखाली येते. परिणामी सातपाटीच्या तांडेलाचा, म्हणजे नौकाप्रमुखाचा, परवाना महाराष्ट्राचा मत्स्यव्यवसाय विभाग देतो, त्याच्या जाळ्याजवळून जाणाऱ्या सर्वेक्षण जहाजाला परवानगी दिल्लीतून मिळते, आणि तक्रार घेऊन तो कुठेही गेला तरी विषय दुसऱ्या दाराचा निघतो.

या साऱ्यात सर्वांत कमी चर्चा झालेला आणि मच्छीमारांना सर्वांत जास्त टोचणारा भाग म्हणजे भूकंपीय सर्वेक्षण, ज्याला किनाऱ्यावर नुसते ‘सर्व्हे’ म्हणतात. यात जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या एअरगनमधून दाबाखालची हवा एकदम पाण्यात सोडली जाते. त्या स्फोटाचा आवाज पाण्यातून समुद्रतळात आणि तळाखालच्या खडकांत शिरतो, तेथून परावर्तित होतो, आणि जहाजामागे कित्येक किलोमीटर लांब पसरलेल्या केबलींतील श्रवणयंत्रे तो टिपतात. असा आवाज दर काही सेकंदांनी, रात्रंदिवस, अनेक आठवडे केला जातो. केबली तुटू नयेत म्हणून सोबतच्या गार्ड बोटी वाटेतील मासेमारी नौकांना दूर व्हायला सांगतात.

वरवर पाहता ही मागणी रास्त वाटते. पण उत्तर कोकणातील मासेमारीची रीत माहीत असेल तर तिचा अर्थ बदलतो. बोंबील, जवळा, करंदी आणि मांदेली पकडणारे डोल जाळे हे भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडून उभे राहणारे पिशवीसारखे जाळे असते आणि ते तळात पक्क्या केलेल्या खुंटांना बांधलेले असते. खुंट रोवण्याची ही ठरलेली जागा म्हणजे कव, आणि या जागांच्या हद्दीवरून वसई-उत्तनचे आणि सातपाटी-डहाणूचे मच्छीमार वर्षानुवर्षे भांडत आले आहेत, इतकी ती जागा मोलाची असते. डोलवाल्याला ‘थोडे बाजूला व्हा’ असे सांगणे म्हणजे हंगाम सोडून द्या असे सांगणे होय. पापलेटासाठी प्रवाहासोबत वाहती जाळी सोडणाऱ्या दालदी मासेमारीची अडचण वेगळी आहे. खंभातच्या आखातालगतच्या जोरदार प्रवाहात जाळे सोडल्यावर ते कुठे जाईल हे नौका ठरवत नाही, त्यामुळे अडथळा टाळण्यासाठी पुष्कळ आधीपासून मोठे क्षेत्र सोडावे लागते. हीच गोष्ट तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मभोवतीच्या सुरक्षाक्षेत्राची. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याने या क्षेत्राला ५०० मीटरची मर्यादा घातली आहे, म्हणजे एका प्लॅटफॉर्ममागे सुमारे पाऊण चौरस किलोमीटर. शंभर प्लॅटफॉर्म धरले तरी कागदावर सुमारे ७९ चौरस किलोमीटर होतात आणि नकाशावर ते ठिपक्यांएवढे दिसतात, परंतु वाहत्या जाळ्याला ठिपका चुकवायचा असतो तेव्हा त्याच्या वरच्या अंगाचे सगळे पाणी सोडावे लागते.

त्यात वेळेचा पेच आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्या काळात समुद्र खवळलेला असल्यामुळे सर्वेक्षणही होऊ शकत नाही. लांब केबली ओढण्यासाठी शांत समुद्र लागतो, आणि शांत समुद्राचे महिने हेच मासेमारीचेही महिने. म्हणजे एकाच हवामानावर दोन व्यवसायांचा हक्क पडतो आणि त्यांपैकी एकाचे वेळापत्रक दुसऱ्याला आयत्या वेळी कळते. पालघर जिल्ह्यातील मच्छीमार संघटनांनी सर्वेक्षणामुळे बुडालेल्या दिवसांची भरपाई मागितली आहे, आणि सर्वेक्षणांना विरोधही केला आहे. त्या विरोधाची संभावना ‘विकासविरोधी’ अशी करणाऱ्यांनी हा पंचांगाचा भाग एकदा तपासायला हवा.

नौका दूर सारल्याचे नुकसान निदान डोळ्यांना दिसते. आवाजाने माशांवर होणारा परिणाम शोधावा लागतो, आणि तो इतरत्र शोधला गेला आहे. नॉर्वेच्या संशोधकांनी १९९२ मध्ये बॅरेंट्स समुद्रात सर्वेक्षणापूर्वी, सर्वेक्षण चालू असताना आणि त्यानंतर मासेमारी करून पाहिली. तेव्हा कॉड आणि हॅडॉक या माशांची ट्रॉलरमधील पकड सरासरीने जवळजवळ निम्म्यावर आली, सर्वेक्षणाच्या प्रत्यक्ष क्षेत्रात ती त्याहून अधिक घटली, परिणाम ३० किलोमीटरच्या आसपासपर्यंत जाणवला, आणि आवाज थांबल्यावर पाच दिवसांतही पकड पूर्ववत झाली नाही. टास्मानियाजवळ झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका एअरगनमुळे प्राणिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची आणि अळ्यांची, मृत्यूसंख्या वाढलेली आढळली आणि तो परिणाम १.२ किलोमीटरपर्यंत दिसला. प्लवक हे लहान मासळीचे अन्न आहे. जवळा तर स्वतःच प्लवकांच्या वर्गात मोडतो.

तरीही हे निष्कर्ष जसेच्या तसे उचलून वसईच्या समुद्रावर लावणे शास्त्राला धरून होणार नाही, आणि मच्छीमारांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही तो मोह टाळणे बरे. माशांची श्रवणशक्ती जातीजातींत वेगळी असते. ज्यांच्या शरीरात वाताशय म्हणजे हवेची पिशवी असते त्यांना ध्वनिदाबातील बदल अधिक जाणवतात. ज्यांना ती नसते त्यांना मुख्यतः पाण्याच्या कणांची हालचाल कळते. बोंबलाला वाताशय नसतो. घोळ, कोत आणि ढोमा यांच्या कुळातील माशांना तो असतो, इतकेच नव्हे तर त्याच्याभोवतीचे स्नायू थरथरवून हे मासे एकमेकांना ऐकू जाणारा आवाज काढतात. घोळीचा हा वाताशय, ज्याला बाजारात बोत म्हणतात, निर्यातीत इतका महाग विकला जातो की एखाद्या पकडीने मच्छीमाराचे वर्ष सुधारते. त्यामुळे आवाजावर जगणारा आणि इतका महाग मासा एअरगनच्या टापूत कसा वागतो, हा प्रश्न नॉर्वेचा कॉड सोडवणार नाही. तो येथेच, येथल्या पाण्यात, येथल्या हंगामात तपासावा लागेल. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटाला राज्यमासा घोषित केले. राज्यमाशाच्या श्रवणाचा अभ्यास हा मान त्याला द्यायला हरकत नव्हती.

सर्वेक्षण येते आणि जाते. प्लॅटफॉर्म मात्र तीस-चाळीस वर्षे उभा राहतो आणि त्याच्याकडून दोन गोष्टी पाण्यात उतरतात. पहिली खोदभुकटी, म्हणजे विहीर खोदताना निघणारे खडकाचे तुकडे, ज्यांना खोदचिखल चिकटलेला असतो. हा चिखल म्हणजे बॅराइट, माती आणि रसायने यांचे मिश्रण असून तो विहिरीतील दाब आवरतो आणि तुकडे वर आणतो. २००५ च्या मानकांनी डिझेलवर आधारित चिखल वापरण्यास मनाई केली, भुकटीवरील तेलाला किलोमागे १० ग्रॅमची मर्यादा घातली आणि बॅराइटमधील पारा व कॅडमियम यांवरही बंधने आणली. हे नियम चांगले आहेत. भुकटीचा परिणाम बहुधा प्लॅटफॉर्मच्या आसपासच्या तळापुरता राहतो, आणि त्याविषयी येथे अधिक लिहिण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वायूसोबत भूगर्भातील पाणीही वर येते आणि क्षेत्र म्हातारे होत जाते तसे या पाण्याचे प्रमाण सहसा वाढत जाते. त्यात तेलाचे सूक्ष्म थेंब, बेंझिन-टोल्युइनसारखी विरघळलेली सुगंधी संयुगे, फिनॉल, धातू, आणि वाहिन्या गंजू नयेत म्हणून घातलेली रसायने असतात. वायुक्षेत्रातून निघणारे पाणी तेलक्षेत्राच्या मानाने कमी असते, पण त्यात हलक्या सुगंधी संयुगांचे प्रमाण जास्त असल्यामुळे लिटरमागे ते अधिक विषारी ठरते, ही बाब ‘वायू म्हणजे स्वच्छ इंधन’ या घोषणेत विरघळून जाते. भारतीय मानकानुसार समुद्रात सोडायच्या पाण्यातील तेल ९५ टक्के नमुन्यांत लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत आणि कधीही १०० मिलिग्रॅमच्या वर नसावे. ईशान्य अटलांटिकमधील देशांच्या ओस्पार करारात हीच मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. आकड्यांतला हा फरक महत्त्वाचा असला तरी खरा फरक नोंदींच्या उघडेपणात आहे. नॉर्वेत प्लॅटफॉर्मच्या आसपास पिंजऱ्यांत शिंपले आणि कॉड ठेवून त्यांच्या शरीरात काय साचते ते तपासले जाते आणि निष्कर्ष प्रसिद्ध होतात. ससून डॉकवर लिलाव करणाऱ्या कोळणीला, किंवा तिचे प्रश्न मांडणाऱ्या एखाद्या शिक्षकाला, वसई क्षेत्रातील अमुक प्लॅटफॉर्मने गेल्या वर्षी किती पाणी सोडले आणि त्यात काय होते हे सहज पाहता येईल अशी जागा भारतात नाही.

येथे दुसऱ्या बाजूचे म्हणणे मांडणे आवश्यक आहे, कारण ते निराधार नाही. प्लॅटफॉर्मच्या पायांवर शिंपले, बार्नॅकल आणि शेवाळ वाढते, त्यांच्यामागे लहान मासे आणि लहानांमागे मोठे मासे येतात. कॅलिफोर्नियाच्या प्लॅटफॉर्मवरील २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते जगातील अतिशय उत्पादक मत्स्यअधिवासांत गणले गेले. हे मासे तेथे नव्याने वाढतात की आजूबाजूचे तेथे गोळा होतात, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. शिवाय महाराष्ट्रात पापलेट आणि घोळ घटण्याची जी कारणे दिली जातात त्यांत बारीक आसाची जाळी, पिल्लांची मासेमारी, पर्ससीन आणि एलईडी दिव्यांची मासेमारी, मुंबईचे सांडपाणी आणि तापणारा अरबी समुद्र ही सर्व आहेत, आणि ती खरी आहेत. घटीचा सगळा दोष वायूच्या माथी मारणारा मच्छीमार पुढारी आपल्याच ट्रॉलरवाल्या मतदारांना वाचवत असतो, असेही कधी कधी दिसते. पण कारणे अनेक आहेत म्हणून त्यांपैकी एक मोजायचेच नाही, हा निष्कर्ष कोणत्याही शास्त्रात बसत नाही. कारणे अनेक असतात तेव्हाच प्रत्येकाचा वाटा वेगळा काढण्यासाठी नोंदी लागतात.

नोंदींच्या अभावाचा भार कायद्याने कुणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यानुसार अपघाताच्या बाबतीत दोष सिद्ध करण्याची अट न घालता भरपाई देता येते. परंतु अपघात म्हणजे अचानक, अनपेक्षितपणे घडलेली घटना. सर्वेक्षण, खोदकाम आणि पाणी सोडणे या परवानगीने, ठरवून केलेल्या गोष्टी आहेत. त्यांच्याविरुद्ध दाद मागणाऱ्या मच्छीमाराला नुकसान, त्याचे कारण आणि त्या दोहोंतील संबंध हे तिन्ही दाखवावे लागतात, आणि संबंध दाखवणारी कागदपत्रे प्रतिपक्षाच्या कपाटात असतात. उरण परिसरातील खाडी, खाजण आणि कांदळवन यांच्या नुकसानीबद्दल याच न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०१५ मध्ये १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश तेथील बंदर, सिडको आणि ही तेलक्षेत्रे चालवणारे तेल महामंडळ यांना दिला होता. त्या प्रकरणात भराव डोळ्यांना दिसत होता, कांदळवन तोडलेले दिसत होते. खुल्या समुद्रातील आवाजाचा आणि विरघळलेल्या बेंझिनचा पंचनामा कसा करायचा?

सांडलेल्या तेलाची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण ते स्वतःची ओळख सोबत बाळगते. पावसाळ्यात जुहू, अलिबाग, दक्षिण गुजरात आणि गोव्याच्या किनाऱ्यावर येणारे डांबरगोळे, म्हणजे समुद्रात घट्ट झालेल्या तेलाचे काळे गोळे, रासायनिक तपासणीने मूळ तेलाशी ताडून पाहता येतात. २०१२ मध्ये दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर मिळालेले गोळे शास्त्रज्ञांनी अशा रीतीने तपासले तेव्हा तुलनेसाठी घेतलेल्या नमुन्यांत बॉम्बे हायचे तेलही होते. टँकर, जहाजे आणि तेलक्षेत्रे यांपैकी दोषी कोण हे ठरवण्याची पद्धत हाताशी असताना प्रत्येक पावसाळ्यातील गोळ्यांची अशी तपासणी करून निकाल जाहीर करणे हा नित्याचा कारभार व्हायला हवा होता. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ या जहाजाची टक्कर होऊन तेल सांडले, तेव्हा मासेमारी तर थांबलीच, पण मासळी खाण्याच्याच भीतीने गिऱ्हाईक तुटले. स्वच्छ मासळीचाही भाव पडतो हे नुकसान कोणत्याही तपासणी अहवालात येत नाही.

नॉर्वेने या पेचातून काढलेला मार्ग महासंचालनालयाला ठाऊक नसेल असे नाही. तेथील १९९६ च्या पेट्रोलियम कायद्यात मच्छीमारांच्या भरपाईसाठी स्वतंत्र प्रकरण असून, मासेमारीचे क्षेत्र व्यापले गेल्यास किंवा प्रदूषण झाल्यास दोष सिद्ध न करता भरपाईची तरतूद त्यात आहे. सर्वेक्षण जहाजावर मासेमारीची जाण असलेली व्यक्ती ठेवावी लागते, आणि ती जाळी कुठे आहेत, नौका कुठे आहेत याचा मेळ घालत राहते. पालघर किंवा रायगडच्या एखाद्या निवृत्त तांडेलाला जहाजावर घेण्यास कोणत्या नियमाची आडकाठी आहे, हे समजत नाही.

भारतातील प्रवास मात्र उलट दिशेने चालला आहे. जानेवारी २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत बदल करून तेल-वायूचे शोधकार्य ‘बी२’ या गटात टाकण्यात आले, ज्यात परिणाम अहवालाची आणि जनसुनावणीची गरज उरत नाही. आणि पूर्वी बंद असलेले सुमारे १० लाख चौरस किलोमीटर सागरी क्षेत्र शोधासाठी खुले केल्याचे सरकार अभिमानाने सांगते. जनसुनावणी अनेकदा नाटकी होत असे हे खरे. तरी मच्छीमाराला प्रश्न विचारण्यासाठी तेवढा एक मंडप होता.

याच सुमारास जुनी क्षेत्रे संपत आहेत. मुंबईच्या उत्तरेकडील मध्य व दक्षिण तापी या वायुक्षेत्रांचे उत्पादन थांबल्यावर तेथील प्लॅटफॉर्म काढून किनाऱ्यावर मोडण्यात आले, आणि समुद्रातील असे काम देशात प्रथमच झाले. सागरी कायदा सोडून दिलेले सांगाडे हटवताना मासेमारीचा विचार करण्यास सांगतो. त्यामुळे काढलेल्या प्लॅटफॉर्मखालचा तळ साफ आहे का, वाहिन्या कुठे तशाच ठेवल्या, त्या उघड्या पडल्यास जाळे कुठे अडकेल, हे अक्षांश-रेखांशांसह मच्छीमार सहकारी संस्थांना मराठीत आणि गुजरातीत कळवणे हा त्या कामाचाच भाग मानला पाहिजे.

यांपैकी बहुतेक गोष्टींना नियम, निधी आणि वेळ लागेल. एका गोष्टीला मात्र यांपैकी काहीच लागत नाही. १९७० च्या दशकापासून मुंबई ते खंभातच्या आखातापर्यंत झालेल्या प्रत्येक सर्वेक्षणाच्या तारखा आणि जहाजांच्या रेषा महासंचालनालयाच्या भांडारात असतील. त्यांतून भूगर्भाची व्यापारी माहिती वगळून केवळ कधी आणि कुठे एवढेच जाहीर केले, तर सातपाटी, अर्नाळा, वर्सोवा आणि ससून डॉक येथे त्या महिन्यांत उतरलेल्या मासळीच्या आकड्यांशी ते ताडून पाहण्याचे काम मत्स्य संशोधन संस्था, विद्यापीठे आणि खुद्द मच्छीमार संघटना करू शकतील. परिणाम शून्य निघाला तर तेल महामंडळावरचा आरोप पुराव्यानिशी दूर होईल. निघालाच, तर पुढल्या सर्वेक्षणाचे वेळापत्रक कोणत्या आठवड्यांत बसवायचे हे कळेल. पावसाळी बंदी संपून १ ऑगस्टला नौका निघण्यापूर्वी त्या हंगामातील नियोजित सर्वेक्षणांची यादीही त्याच ठिकाणी लावता येईल.